कापसाच्या घोड्याचा राजा

१

"चोरी झाली," जानराव म्हने.

"काय गेलं, बाप्पा? बैल का बोरमाळ?" उत्तमराव पाटलानं इचारलं.

"माह्या पुतनीचं नाव गेलं, पाटील. थे पोरगी नाव चोरून वैनीच्या घरात बसली."

मी तवा पाटलाच्या आंगनात पाटलीनबाईच्या कुरडया राखत होती. राखत म्हनजे कोंबड्यायले हाकलायचं अन् आपन खायच्या. जानरावचं बोलनं आयकलं अन् तोंडातली कुरडई तशीच राह्यली.

त्याची वैनी म्हनजे मनकर्णा. माह्या भिंतीले भिंत लागून तिचं घर. नवरा लवकर गेला, मांगं एकच पोरगी, गोजरी. पोरगी सात वर्साची असताना पोहरादेवीच्या रामनवमीच्या जत्रेत वावटळ उठली. मानसाले मानूस दिसे ना. धूळ खाली बसली तवा मनकर्णाच्या हातात गोजरीचा हात नव्हता.

बारा-तेरा वर्सं झाली या गोष्टीले. दर रामनवमीले मनकर्णा तिथंच जाये, त्याच चिंचेखाली बसे, अन् आपल्याच हातावर राजा चालवे. तुमाले येते थे गानं. एक हात लांब करायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं म्हनजे राजाचा घोडा, तळहातावरून निंगायचं थेट काखेपर्यंत.

राजा राजा वाशिमचा,
घोडा त्याचा कापसाचा.
मनगटाचा नाला पार,
कोपरापाशी झाली दुपार.
काखेमंधी घोर रान,
गेला राजा, गेलं निशान.
गेला तो गेला, आलाच नाही,
दारात त्याच्या दिवाच नाही.

मनकर्णा म्हने, पोरगी मोठी झाली असन, तोंड बदललं असन, मी सामने बसली तरी मले वळखू येनार नाही. पन राजाचं गानं आयकलं का ती थांबन. अन् घरी रोज सांजेले दाराच्या कोनाड्यात दिवा लावे. ताप असो का पाऊस असो, दिवा कधी चुकला नाही.

या साली एक जवान पोरगी जत्रेतून जाता जाता थबकली, मनकर्णाच्या सामने येऊन बसली, अन् गान्यात तोंड घातलं. मनकर्णानं तिची मूठ धरली थे घरी येईपर्यंत सोडली नाही. साऱ्या गावानं त्या दिवशी डोळे पुसले. एकटा जानराव तेवढा पार पांढरा पडला.

आता तो पाटलाले म्हनून राह्यला होता, "ही गोजरी नाही. हिले इथून न्या."

"कशावरून म्हन्तं?"

"नाही म्हनजे नाही."

पाटील वैतागला. जानराव गेल्यावर माह्याकडं वळला. "आवडाबाई, बायायच्या घरात मी काय चौकशी करू? तू जाय. गावात सगळ्यायहून खोटं बोलनारी तूच. दुसऱ्याचं खोटं तुले वासानं समजन."

"माह्या गोष्टी खोट्या नसतात, पाटील. थोड्या लांबतात."

"आखाजीच्या सनापर्यंत मले सांग. ही लबाड असन तं मानोऱ्याच्या ठान्यात न्या लागन. जेलात जाईन बिचारी. अन् खरी असन तं मनकर्णाच्या जिवाले आता कोनाचा तरास नको."

मी मूठभर कुरडया ओटीत घेतल्या अन् उठली.

२

आधी राजा कोन, थे सांगते. त्याशिवाय पुढचं कळनार नाही.

लई पुरानी गोष्ट. वाशिम तवा राजधानी होती. गल्लीतून हत्ती फिरत, अन् हत्तीच्या शेनानं सारवलेलं घर पावसात गळत नसे. नसन पटत तं सोडून द्या. राजाचे सारे घोडे लढाईत मेले, तवा लोकायनं त्याले कापसाचा घोडा शिवून देल्ला. पळे लई, पन पावसात भिजून जड होये. राजा निंगाला तवा घरी सांगून गेला, का दारात दिवा ठेवजा, मले वाट दिसली पाह्यजे. मंग रानात पाऊस लागला, घोडा बसला, अन् इकडं दिव्यातलं तेल सरलं. राजा अजूनबी घर पाहून राह्यला म्हन्तात. लेकरायच्या हातावरून चालते.

हत्ती मी घातले. राजा अन् दिवा मी नाही घातला. थे माह्या आजीच्या आजीनं बी आयकलेलं.

गोजरी माह्या मांडीवर बसून ही गोष्ट आयके. एक डाव तिनं इचारलं, "मावशे, राजाचं गाव कोनतं अन् आपलं कोनतं?" मी म्हनलं, "एकच बाई. आपुन वाशिमच्याच राजाचे." दोन वाक्यात हासून सोडून देल्लं होतं मी थे.

तं मी मनकर्णाच्या घरी गेली. पोरगी चुलीपाशी भाकरी थापत होती. उजव्या हातानं, झपाझप. गोल, पातळ, एक बी चीर नाही. अशी भाकर करनारीवर मी अर्धा भरवसा तसाच ठेवते.

"काय वं गोजरे, मले वळखलं का?"

"तुमी आवडा मावशी. हत्तीच्या शेनवाल्या."

मले हासू आलं. थे जत्रेत कोनी सांगतलं नसन.

"मंग सांग न, इतकी वर्सं कुठी होती?"

"सडकेच्या कामावर. गिट्टी फोडत." इतकंच. मी वाट पाह्यली. खोटं बोलनारा मानूस इथं पसरते, सडक कोनती, मुकादम कसा, भाकर किती भेटे, सारं सांगते. मले ठाऊक आहे, मी बी तसंच करते. ही पोरगी काईच पसरे ना. तिले बोलावं लागे तवा बोले, नाही तं गप.

"बरं, मले राजा करून दाखव. माह्या नातवाले शिकवाचा आहे." तवा मले नातू नव्हता, पन लागते तवा मी घेते.

तिनं पीठ झटकलं. उजवा हात लांब केला, डाव्या हाताची दोन बोटं त्याच्यावर ठेवली अन् निंगाली. मनगट, कोपर, काख. दारात त्याच्या दिवाच नाही, इथं गानं सरते. पन तिची बोटं सरली नाही. काखेतून मांगं फिरली, हळूहळू खाली आली.

दिवा ठेवला पोरीनं,
राजा आला चोरीनं.

बोटं तळहातावर येऊन बसली, अन् तिनं वरून मूठ मिटली.

 माह्या आजीनं हे कधी म्हनलं नव्हतं. मनकर्णानं बी नाही.

"हे शेवटचं कुठलं वं?"

"असंच शिकली मी."

"कोनापासून?"

तिनं तव्याकडं तोंड फिरवलं. "भाकर जळून राह्यली, मावशी."

भाकर जळत नव्हती.

३

जानराव वाडीत वांग्यायले पानी देत होता. मले पाहून त्यानं फावडं थांबवलं नाही.

"गाव काय म्हन्ते ठाऊक आहे का तुले?" मी म्हनलं. "म्हन्ते, गोजरी आली तं भावाच्या हिश्याचं वावर तिले जाईन, म्हून जानरावच्या पोटात दुखते."

"म्हनू दे."

"अरे, मंग कारन तरी सांग. तीळ, डाग, दात, काही."

"काही नाही."

"बारा वर्सात पोरीचं तोंड बदलते. नाही गोजरी असं कोनी सांगू शकत नाही. मायले नाही सांगता येत, मले नाही. तुलेच कसं सांगता येते?"

त्यानं वाफ्याचं तोंड बांधलं. पानी दुसरीकडं वळलं. मंग फावड्यावर टेकून उभा राह्यला.

"आवडाबाई, तिचे पाय लहान होते. माह्या वितीत मावत." मंग म्हने, "लोकं मले काहीबी म्हनोत. वैनीनं खोट्यावर जीव नको लावाले. दुसऱ्या डावानं नाही सहन होनार तिले."

लोभी मानूस असं बोलते का? वावराचा लोभ असता तं त्यानं पोरीले शिव्या देल्ल्या असत्या, वैनीले येडी म्हनलं असतं. हा तं वैनीसाठीच रडाले आलेला.

"दुसऱ्या डावानं म्हनजे? पह्यला डाव कधी झाला, जानराव?"

"जत्रेत. हरवली तवा." लई लवकर बोलला तो. मंग पुन्हा पान्यात उतरला, अन् मी जाईपर्यंत त्यानं मान वर केली नाही.

४

मी पाटलाकडं गेली अन् त्याले पोरीचा डावा हात सांगतला.

"डावा हात? त्याचं काय?"

"पाटील, मनकर्णा पोरीले कशी शिकवे? मांडीवर घेऊन. पोरीची पाठ मायच्या छातीले. दोघींची तोंडं एकीकडं, दोघींचे हात एकीकडं. माय डावा हात लांब करे, उजवी बोटं चालवे. पोरगी बी तसंच. मी हजार डाव पाह्यलं. अन् ही पोरगी? भाकर उजव्या हातानं थापते, पानी उजव्या हातानं शेंदते, अन् राजा डाव्या हातानं चालवते. काहून?"

पाटलानं आपले दोन्ही हात सामने धरून पाह्यले.

"तुमी माह्या सामने बसा," मी म्हनलं. "मी करते तसं करा."

तो बसला. मी डावा हात लांब केला तं त्यानं उजवा केला. आरशात पाह्यल्यावानी.

"ही मांडीवर बसून नाही शिकली," मी म्हनलं. "सामने बसून शिकली."

"म्हनजे जत्रेत." पाटलानं मांडीवर थाप मारली. "मनकर्णा दरसाल तिथं बसते. कोनीबी सामने बसून शिकून घेईन. झालं तं मंग. जानराव खरा होता. आखाजी होऊन जाऊ दे, मनकर्णाच्या तोंडी एक सन गोड होऊ दे, दुसऱ्या दिवशी ठान्यात नेतो."

 त्याचं म्हननं बरोबर होतं, पन ते शेवटचं कडवं माह्या डोक्यात गोमाशीवानी फिरत होतं. जत्रेत मनकर्णा ते म्हनतच नसे. मंग आलं कुठून?

घरी आली तं मनकर्णा माही वाट पाहून राह्यली होती. इतक्या वर्सात तिले हासताना मी पाह्यलं नव्हतं. तिनं मूठ उघडली. मूठभर चिंचोके. काळे, जुने, धुळीनं भरलेले.

"पाह्य आवडे. घर सारवाले घेतलं तं पोरीनं कनगीच्या बुडाखाली हात घातला अन् हे काढले. म्हने, इथं भोक आहे, इथं ठेवले होते. मले तं ठाऊकच नव्हतं वं. बारा वर्सं माह्या कनगीखाली गोजरीचे चिंचोके होते अन् मले ठाऊकच नव्हतं."

ती एकेक चिंचोका पदरानं पुसत होती.

"जानराव भाऊजी म्हन्ते ही गोजरी नाही. मंग हे चिंचोके कोनाले माहीत होते? सांग न तू."

 हात म्हने, ही गोजरी नाही. चिंचोके म्हनत, ही लबाडबी नाही. दोन्ही खरं असन तं मंग ही कोन?

५

आखाजीचा दिवस आला.

आखाजीले आमच्याकडं मेलेल्या मानसायच्या नावानं मातीच्या घागरी भरतात. नवी घागर, वर आंबा, कुंकवाची बोटं. उन्हाळ्यात मेलेल्यायले बी तहान लागते म्हून. ज्याच्या नावाची घागर त्याचं नाव घ्यायचं, अन् पानी सोडायचं. हरवलेल्या मानसाची घागर कोनी भरत नाही. भरली म्हनजे आपुनच त्याले मारलं. म्हून मनकर्णानं गोजरीची कधी भरली नाही. नवऱ्याची एक भरे, अन् तिथंच थांबे.

मी सकाळीच जानरावच्या घरी गेली. त्याच्या बायकोले, रुखमाबाईले, म्हनलं आंब्याचा रस कसा झाला पाहू दे. तिनं वाटी देल्ली. वाटी घेऊन मी देवघराच्या खोलीत डोकावली.

जानरावच्या बापाची घागर. आईची. मोठ्या भावाची, म्हनजे मनकर्णाच्या नवऱ्याची.

अन् त्यायच्या पाठीमांगं, भिंतीच्या सावलीत, एक लहानसं गाडगं. लेकराच्या हातात मावन एवढं. वर आंबा नव्हता, आंब्याच्या ऐवजी एक हिरवी कैरी होती. लहान लेकरायले आवडते तशी.

तुमाले सांगते, रुखमाबाईचं एकबी मूल गेलं नव्हतं. तिघं होते, तिघंबी आंगनात भवरा फिरवत होते.

"रुखमे, हे कोनाचं वं?"

तिनं पाह्यलं, अन् पदर तोंडाले लावला.

"मले नाही ठाऊक, आवडाबाई. यायनं ठेवाले सांगतलं. दरसाल ठेवतात. मी इचारलं तं जेवत नाहीत त्या दिवशी. म्हून मी इचारत नाही."

माह्या हातातली रसाची वाटी तशीच राह्यली. आता मले सारं दिसत होतं, अन् दिसलं नसतं तं बरं झालं असतं.

६

दुसऱ्या दिवशी पाटील शिपाई घेऊन मनकर्णाच्या दारी आला. जानरावबी आला. पोरगी पायरीवर गाठोडं घेऊन बसली होती. तिले कोनी सांगतलं नव्हतं, पन तिले कळलं होतं. मनकर्णा तिच्या सामने हात पसरून उभी.

"पाटील, थांबा," मी म्हनलं. "आधी मले जानरावले एक गोष्ट इचारू द्या. जानराव, थे चौथं गाडगं कोनाचं?"

जानराव तिथंच आंगनात बसला.

मनकर्णानं माह्याकडं पाह्यलं, मंग त्याच्याकडं. "कोनतं गाडगं, भाऊजी?"

तो बोलला, पन जमिनीकडं पाहून बोलला. गोजरी हरवली त्याच साली पावसाळ्यात तो हिंडत हिंडत वाशिमच्या सडकेवर गेला. तिथं गिट्टी फोडनाऱ्यायचा तळ होता. पटकीची साथ येऊन गेलेली. त्यानं इचारलं, एखादी हरवलेली पोरगी होती का इथं? एका बाईनं त्याले नाल्याच्या काठचा दगडायचा लहान ढीग दाखवला. पोरीचा झगा दाखवला. झग्याले त्याच्या वैनीच्या हातचा हिरवा टाका होता.

"मी वापस आलो तवा तुमी खाटेवर होत्या, वैनी. ताप होता. मले पाहून इचारलं, सापडली का? मले नाही सांगता आलं. म्हनलं, बरी झाल्यावर सांगू. तुमी बऱ्या झाल्या अन् पह्यले उठून दारात दिवा लावला. मंग मले कधीच सांगता आलं नाही."



मी पोरीपाशी गेली. "अन् तू त्या तळावर होती. तिच्या सामने बसून राजा शिकली. तिनं तुले चिंचोके सांगतले, हत्तीचं शेन सांगतलं. आता सांग बाई, तुहं नाव काय?"

"धनी." तिनं मान वर केली नाही. "माह्या मायबापाले पटकीनं आधीच नेलं होतं. रुपाबाई म्हून एक तांड्यातली मावशी होती, तिनं मले सांभाळलं. जत्रेत रडत असलेली गोजरीबी तिलेच सापडली. तिनं इचारलं, पोरी तुहं गाव कोनतं? तं गोजरी म्हने, वाशिम. आमी वाशिमच्या राजाचे. म्हून रुपाबाईनं तिले वाशिमकडं नेलं. घर सापडंन म्हून."

 वाशिम उलटीकडं. पोरीचं गाव इकडं, अन् राजा तिले तिकडं घेऊन गेला होता.

"रोज सांजेले ती मले राजा शिकवे," धनी म्हने. "मी तिच्याहून लहान. राजा घरी आला नाही म्हून मी रोज रडो. एक दिवस ती म्हने, रडू नको, मी त्याले आनते. अन् तिनं थे कडवं जोडलं. त्या दिवशी ती बिमार होती. दोन दिवसानं गेली." तिनं गाठोड्याची गाठ घट्ट केली. "या हिवाळ्यात रुपाबाई मेली. मी जत्रेत पाय मोकळे कराले आली होती. तुमी गान्यात 'दिवाच नाही' इथं थांबल्या, अन् माह्या तोंडातून पुढचं निंगालं. मंग तुमी माही मूठ धरली. मी नाही म्हननारच होती, माय. खरंच म्हननार होती. कोनी माही मूठ तशी धरली नव्हती."

पाटलानं शिपायाले हातानं दाराबाहेर घातलं. कोन्या कलमात बसवावं हे? नाव चोरनाऱ्याले नाव मरनाऱ्यानंच देल्लं होतं.

मनकर्णानं एकडाव धनीच्या डाव्या हाताकडं पाह्यलं. तसं पाहनं मी वळखलं. तिले हात दिसला होता, पह्यल्याच दिवशी दिसला असन, अन् तिनं तिकडून डोळे काढून घेतले असन. मंग ती आत गेली अन् दार लावून घेतलं.

७

दिवसभर दार उघडलं नाही. जानराव आंगनात बसून राह्यला. मी पानी नेलं तं हात लावला नाही. धनी जाते म्हनून उठली, फाटकापर्यंत गेली, अन् मंग निंबाखाली बसली. तिले कुठी जायचं होतं? जायले कोनतं गावच नव्हतं.

सांज झाली. गाई आल्या, धूळ आली, घराघरातून चुलीचा धूर निंगाला. मी माह्या दारातून मनकर्णाच्या कोनाड्याकडं पाहून राह्यली होती.

कोनाडा काळा होता.

बारा-तेरा वर्सात पह्यल्यांदा. आता कोनासाठी लावंन? साऱ्या गल्लीनं पाह्यलं. जानरावनं तोंडावर दोन्ही हात घेतले.

निंबाखालून धनी उठली. ती माह्या दारी आली, चुलीतला एक निखारा मांगला. मी देल्ला. तिनं कोनाड्यातली पनती खाली घेतली, कालची वात बोटानं वर केली, निखाऱ्यावर फुंकर घालून वात पेटवली. पनती परत कोनाड्यात ठेवली, अन् मांगं सरकून निंबाखाली जाऊन उभी राह्यली. दार वाजवलं नाही. हाक मारली नाही.

फटीतून उजेड आत गेला असन.

बऱ्याच वेळानं कडी वाजली. मनकर्णा दारात आली. पनतीकडं पाहून राह्यली, मंग निंबाकडं.

"पोरी," ती म्हने. गोजरी म्हनली नाही, धनीबी म्हनली नाही. "थे शेवटचं कडवं. तिनं कसं म्हनलं, पुन्हा म्हनून दाखव."

धनी पायरीवर आली, तिच्या सामने बसली. मनकर्णानं आपला डावा हात लांब केला. धनीनं त्याच्यावर बोटं ठेवली. मी मंग घरात गेली. काही गोष्टी मी बी आयकत नाही.

८

पुढच्या आखाजीले थे लहान गाडगं जानरावच्या घरून मनकर्णाच्या घरी आलं. त्यानं आपल्या हातानं आनलं. धनीनं त्याच्यात पानी भरलं, अन् कैरी ठेवली.

मंग बऱ्याच सालानं एक मास्तर आले. कोट, टोपी, मोठे सज्जन. पुराने राजे धुंडत होते. म्हने, वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, तिथं खरंच राजधानी होती, दीड हजार वर्सं झाली. आजी, त्या राजाचं एक गानं तुमच्या भागात आहे म्हने. मी त्यायले हत्तीचं शेन पोटभर सांगतलं. मंग गानं म्हनलं. तवा गावची सारी लेकरं म्हनत तसंच, शेवटच्या कडव्यासगट.

मास्तर लई खूश झाले. म्हने, हे शेवटचं कडवं लई महत्त्वाचं. राजा लढाईतून जिवंत परतला, हे यातून दिसते. हे कडवं त्या राजाच्याच काळचं असावं.

मी तोंड उघडलं. आयुष्यात एकडाव खरं सांगावं म्हनलं.

मनकर्णा बाजूले बसून शेंगा फोडत होती, डोळ्यानं कमी दिसे तिले तवा. तिनं न पाहता माह्या मांडीवर हात ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला.

"हो मास्तर," मी म्हनलं. "राजाच्याच काळचं."

"मग खरंच परत आला होता राजा?"

मनकर्णानं शेंगेतले दाने तळहातावर घेतले, अन् वरून मूठ मिटली.

"आला," ती म्हने. "पोरीनं आनला."